अर्धी होडी विकता येत नाही

पुळणीवर ती अकरा वर्षं कलंडून पडली होती,
माझ्या बापाची आणि मकबूलच्या बापाची होडी.
दोघांचा धंदा शब्दावर. कागद नाही, सही नाही,
हर्णैच्या बंदरात चहा बशीत ओतता ओतता ठरलेलं:
होडीचे दोन वाटे, जाळ्याचा एक, उरलेले माणसांचे.

भांडण जाळ्यावरून झालं.
कुठलं जाळं, ते शेवटी दोघांनाही आठवत नव्हतं.
पण अर्धी होडी विकता येत नाही,
आणि उरलेल्या अर्ध्याला विचारल्याशिवाय
आपल्या अर्ध्याला डांबरसुद्धा फासता येत नाही.
फळ्या एकेक करून गेल्या. कोणी नेल्या,
ते दोन्ही घरांनी विचारलं नाही.

म्हणून आम्ही दापोलीला गेलो,
बिवलकर वकीलबाईंकडे.
खाली सायकलचं दुकान, वर कायदा.
मकबूलकडे कुवेतची चौदा वर्षं होती, बँकेत.
माझ्याकडे तांडेलकीची बावीस,
ती कुठल्याच बँकेने ठेवून घेतली नव्हती.

बाईंनी चष्मा पुसला.
"कागद कागदासारखा नसतो. कोणता हवा ते आधी ठरवा."

एक इच्छाधीन: मन आहे तोवर बरोबर,
मन उठलं की नोटीस, संपलं.
मकबूल म्हणाला, "हे तर निकाहपेक्षा सोपं."
एक मुदतीचा. एक ठरल्या कामापुरता.
आणि एक मर्यादित दायित्वाचा,
त्यात बोट बुडाली तरी घराचा उंबरा कोरडा राहतो,
मात्र दरसाल हिशेब सरकारात, आणि त्याची फी वेगळी.

"आणि साध्या भागीदारीत?"
"यांचं देणं ते तुमचं देणं.
यांनी डिझेल उधार भरलं
तर पंपवाला तुमच्या दारात उभा."

मी मकबूलकडे बघितलं. त्याने माझ्याकडे.
लहानपणी एकाच खडकावरच्या कालवांनी
आमचे दोघांचे पाय फाटले होते.
तरी बघितलं.

"नुसता पैसा घालतो, कामात पडत नाही,
त्याला निद्रिस्त भागीदार म्हणतात."
"बाई, पैसे काढायचं ठरलं त्या दिवसापासून
मला झोप कुठाय?"

मग त्यांनी विचारलं, दोघांतला एक गेला तर?
आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो.
बाहेर काही नव्हतं. एक एस.टी. मागे येत होती,
कंडक्टर शिट्टी फुंकत होता,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे.

भरतीला खाडीत कोणीही शिरतो.
ओहोटीला वाळूचा दांडा चुकवून
जो बाहेर काढतो, तो तांडेल.
मी म्हटलं, बाई,
बाहेर पडायची वाट ज्यात नीट लिहिलेली असेल
तो कागद द्या.

त्यांनी पहिल्यांदाच पेन उघडलं.

एकच हंगाम, ऑगस्ट ते मे. पटलं तर पुढचा कागद.
एकट्याच्या सहीने कर्ज नाही.
फाटलं, तर बोटीची किंमत तिसऱ्याने करायची
आणि विकत घ्यायचा पहिला हक्क दुसऱ्याचा.
गेलाच कोणी,
तर त्याच्या बायकोला हंगाम संपेपर्यंत वाटा.
हे कलम मकबूलने घालायला लावलं,
आणि मग बराच वेळ पाणी प्यायला.

वाटे मात्र बाईंना चालेनात. टक्के हवे होते.
माझ्या बावीस वर्षांचे चाळीस झाले.
जास्त की कमी, अजून कळलेलं नाही.

येताना कागद प्लास्टिकच्या पिशवीत, शर्टाच्या आत.
मकबूलने मोटारसायकल पुळणीकडे वळवली.
वाळूतून वर आलेली एक वाकडी बरगडी
तेवढी उरली आहे तिथे, शेवाळ धरलेली.
त्याने चप्पल काढून तिला पाय लावला.
"ही रे कोणाच्या अर्ध्यातली?"

मी पिशवी चाचपली.
म्हटलं, याला कलम नाही.