समज दिली

वाळूजच्या शेडमध्ये, पंचिंग मशीनच्या मागं
पत्र्याचं कपाट, त्यात लाल कागदांची फाईल.
लाल कागद म्हणजे माल नापास.
आधीच्या बाईंनी किल्ली देताना सांगितलं,
"वाचत बसू नको गं. ऑडिटच्या आधी
सह्या तेवढ्या बघून घे."

मी वाचत बसले.

पितळी नव्हे, लोखंडी बुश. चाळीस नग.
दोष: बाहेरच्या अंगाला गंज, तीळ सांडल्यासारखा.
कारण: ऑपरेटरच्या हाताचा घाम.
उपाय: समज दिली.
खाली सही, मन्मथ बिराजदार,
शेवटचा र दर वेळी चौकटीबाहेर.

पान उलटलं. एकशे दहा नग. घाम. समज दिली.
मार्चमध्ये घाम, ऑगस्टात घाम,
डिसेंबरच्या रात्रपाळीत,
वॉचमन खोक्याच्या फळ्या जाळून शेकत असताना
तेव्हाही मन्मथला घाम.
सतरा कागद. सव्वादोन वर्षं.
एवढी समज दिलेला माणूस
एव्हाना किती समजदार झाला असेल!

शुक्रवारी सुट्टी. कँटीनच्या फरशीवर
सतरा कागद मांडले,
पंख्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर
एकेक नापास बुश ठेवला.
मशीनप्रमाणे लावले, काही दिसेना.
पाळीप्रमाणे लावले, काही दिसेना.
मग गेटवरची वही मागवली,
जिच्यात येणाऱ्याजाणाऱ्याचं सगळं असतं,
भंगारवाल्याचा टेम्पोसुद्धा.

जायकवाडीची लाइन फुटली की टँकर येतो.
जिलानीभाईचा टँकर, वेळ, सही.
तारखा जुळल्या नाहीत.
टँकरपासून तिसरा दिवस मोजला,
तेव्हा जुळल्या. सतरापैकी पंधरा.
उरलेल्या दोनांचं मला आजही कळलेलं नाही.

दोन बरण्या घेतल्या लोणच्याच्या.
एकीत नळाच्या पाण्यातलं कूलंट,
दुसरीत टँकरच्या.
चिमट्यानं एकेक बुश सोडला आत.
तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बरणीत
दूध नासावं तसं तेल फाटलेलं,
आणि बुशावर तीळ.
त्या बुशाला कोणाचा हात लागला नव्हता.

कुलथेसाहेबांनी बरणी उजेडात धरली,
बराच वेळ धरून ठेवली.
"मंग दोन वर्सं काय करायलो होतो आपण?"
मला नाही, बरणीलाच विचारलं बहुतेक.

आता निळा ड्रम आलाय, शुद्ध केलेल्या पाण्याचा,
वर पांढऱ्या रंगात 'फक्त मशीनसाठी', आणि कुलूप.
कँटीनच्या माठात टँकरचंच पाणी.
आपल्या पोटातला गंज कोण मोजतंय.
पाच महिने झाले, बुशाचा लाल कागद नाही.

मन्मथ मात्र सतराव्या कागदानंतरच गेला, औशाला.
मोटारी भरून देतो म्हणे.
नंबर स्टोअरमधून मिळाला. मी सगळं सांगितलं,
टँकर, तिसरा दिवस, बरण्या.
पलीकडे कुणाची तरी मोटार घरघरत होती.
ती बंद झाली.
"मला वाटायचं मॅडम, माझा घामच लई खारट हाय.
राखेनं हात धुवायचो ड्युटीवर जायच्या आधी.
अजूनबी पाना उचलायचा म्हणलं की
अगुदर हात पुसायलो मी."

त्या दिवशी मी कोरा लाल कागद काढला.
क्रमांक अठरा.
दोष: कारणाच्या रकान्यात माणूस.
नग: एक.
कारण: सह्या तेवढ्या बघितल्या.
उपाय लिहिताना हात सवयीनं
'स' काढून बसला, तो खोडला.
पुढं काही सुचलं नाही.

ऑडिटर आले, पानावर बोट ठेवून म्हणाले,
"हा उघडाच राहिलाय."
म्हटलं, हो.