पांढरा भाग

हॉलमध्ये सहा कूलर होते
आणि ते चालू असले की माणूस ऐकू येत नव्हता.
कुर्वे साहेब म्हणाले, बंद करा.
अकरा मिनिटांनी कुणीतरी म्हणालं, चालू करा.
मे महिना, पंचेचाळीस डिग्री.
दिवसभर जनसुनावणी अशीच चालली,
कधी वारा, कधी जनता.

मी इतिवृत्त घेणारी. टेबलाच्या टोकाला,
वाळ्याच्या थेंबांपासून वही वाचवत.

यादीत नऊ प्रकल्प, त्यातले तीन निवडायचे.
सगळ्या वाहिन्या या राज्यातून त्या राज्यात जाणाऱ्या.
फॉर्मवर पसंतीक्रमाचे चौकोन,
एक, दोन, तीन.
शून्यासाठी चौकोन नव्हता.

पॉवरलूमचे पराते म्हणाले,
"कुठूनबी आना, पन आना.
माग थांबला का घर थांबते."
टाळ्या. त्या मी कंसात लिहिल्या.
सारस मोजणारी एक मुलगी आली,
आकडा सांगताना तिचा आवाज चिरकला
आणि नेमका तोच आकडा कूलरने खाल्ला.
कोराडीच्या एका बाईंनी विचारलं,
मनोऱ्याखाली पापड वाळवता येतात का?
उत्तर तांत्रिक समिती देईल, असं ठरलं.

एक्केचाळीसावे, डोमाजी नारनवरे.
निवृत्त लाइनमन, खापरखेडा.
डाव्या हाताला दोन बोटं कमी.
त्यांनी माइक लगेच धरला नाही,
आधी हाताची पाठ लावून पाहिली
करंट आहे का म्हणून,
मग हसले, स्वतःलाच.

सरळ नकाशाशी गेले.
"साहेब, हे लाइन इथपर्यंत लाल हाय.
इथून पुढं कागद पांढरा कायले?"

"ती राज्याची हद्द आहे. पुढचं ते बघतील."

"ते म्हंजे कोन?"

कुर्वे साहेबांनी पाणी प्यायलं.

"माही पोरगी सौंसरले देल्ली हाय. रत्नमाला.
तिचं घर ह्या पांढऱ्यात येते.
चौतीस वर्सं मी तार ओढली, साहेब.
तारेले झोल द्या लागते, उन्हात ते लांबते,
खाली येते. कोनाच्या घरावर येते
ते हद्द पाहून येत नाही."

"तुमची हरकत अधिकारक्षेत्राबाहेर आहे.
तिकडे सुनावणी होईल तेव्हा तिकडे मांडा."

"तिकडं म्हन्तील, बुवा, तुमी नागपूरचे."

मागून कुणीतरी ओरडलं, अरे कूलर लावा ना.

माझं माहेर पांढुर्ण्याचं.
म्हणजे नकाशावर मी कुर्वे साहेबांच्या कोपराखाली,
जिथे त्यांनी चहाचा कप ठेवला होता.
वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर
प्रांत एकच होता आणि राजधानी हेच शहर.
मी हे बोलले नाही.
इतिवृत्त लिहिणारीचं मत
इतिवृत्तात येत नाही.

लघुलिपी आवाजावरून लिहितात,
म्हणून वहीत 'कायले' हे 'कायले'च राहिलं.
संध्याकाळी टंकलिखित प्रतीत त्याचं
'कोणत्या कारणास्तव' झालं,
आणि सहीसाठी जाता जाता
'हरकत क्र. ४१ : अधिकारक्षेत्राबाहेर. नोंद घेतली.'
झोलाचं काहीच उरलं नाही.
रत्नमालाचं तर नावही नाही.

डोमाजी जाताना दारापाशी थांबले होते.
तिथला कूलर हलत होता,
त्याच्या एका पायाखाली त्यांनी
फॉर्मची घडी करून सरकवली.
भरलेला होता का तो, कोरा होता,
मला दिसलं नाही.

रात्री घरी आले. खोली भट्टीसारखी.
मलाही वारा हवाच होता, कुठून येतो ते न विचारता.
अंधारात भिंत चाचपली
आणि बटण
हाताच्या पाठीने दाबलं.