खोली नंबर सात

तुर्भ्याला, बाजाराच्या मागच्या गल्लीत,
ऑगस्टातही मी कानटोपी घालून कामावर जातो.
स्टॉपवरची पोरं हसतात. हसू देत.
सात नंबरच्या खोलीत दोन डिग्री असते, बारा महिने,
आणि माझं वय एकावन्न,
गुडघे सत्तरचे.

स्पितीचा मटार उतरवताना
एका गोणीच्या बुडाला चिकटलेलं ढेकूळ निघालं,
मुठीएवढं. फेकणारच होतो.
त्यावर हिरवी उशी होती, रुपयाएवढी,
लव अशी की मांजराचा कान,
आणि उशीवर पिवळी फुलं, पाच की सहा,
साबुदाण्याहून मोठं एकही नाही.
प्रत्येकाला चार पाकळ्या. अधिकचं चिन्ह.
बेरीज कशाची, ते लिहिलेलं नव्हतं.

डब्यातला लोणच्याचा पुडा रिकामा केला,
धुतला,
ढेकूळ त्यात बसवलं.

समिधाने फोटो तिच्या कॉलेजच्या बाईंना पाठवला.
टिपणीस बाई शनिवारी ठाण्याहून आल्या, पर्समध्ये भिंग.
माझं जादा जॅकेट त्यांना गुडघ्यापर्यंत आलं.
गोणीवर कोपर टेकून बघत राहिल्या,
श्वासाची वाफ फुलावर जाते म्हणून
पदर तोंडाला लावून.
मग म्हणाल्या, ड्राबा.
मला ऐकू आलं, डबा.
म्हटलं, हो, माझाच.

हसल्या नाहीत. सांगत बसल्या:
मोहरीच्या कुळातली आहे, हिरामण,
तुमच्या फोडणीची चुलतबहीण.
झाडं जिथे हात टेकतात
तिथून वर हिचं गाव सुरू होतं.
दगडाच्या फटीत चिमूटभर माती,
आठ-नऊ महिने अंगावर बर्फ,
उरलेल्या दिवसांत पान, फूल, शेंग, सगळं उरकायचं,
आणि वाऱ्याला मान दिसू द्यायची नाही.

घरी नेलं तर?
दोन दिवसांत शिजेल.
आणि इथे?
बाईंनी वर ट्यूबलाइटकडे पाहिलं.
दार लागलं की ती आम्ही बंद करतो,
बिलाचं काम.

तेव्हा मला कळलं तिचं दुखणं.
थंडी आहे तिथे उजेड नाही,
उजेड आहे तिथे थंडी नाही,
आणि दोन्ही मिळून जे असतं
ते तुर्भ्यात भाड्यानेही मिळत नाही.

मग रोज सकाळी सहाला
डॉकचं शटर हातभर वर करून
मी तिला उंबऱ्यावर धरायचो.
पाठीमागून खोलीचा गारवा, पुढून पूर्वेचा उजेड,
पारसिकच्या डोंगरावरून येणारा.
दहा मिनिटं. कधी पंधरा.
सुपरवायझर विचारायचा, काय चाललंय?
हवा खातोय.

माझा बाप मिठागरात उन्हाची वाट बघत म्हातारा झाला.
ते मिठागर आता काचेचं आहे, चौदा मजली.
ही निदान ढेकळासकट आली.
आमचं ढेकूळ गेलं, आम्ही राहिलो,
लव पांघरून,
मान न काढता.

पाकळ्या गळल्या. शेंगा आल्या,
शेंगा कसल्या, टाचणीची टोकं.
एके दिवशी त्या फाटल्या आणि तळहातावर
मिरपूड सांडावी तसं काहीतरी आलं.
मी श्वास धरून गेटपासच्या कागदात बांधलं.
उशी त्याच आठवड्यात तपकिरी झाली.
काम झालं होतं तिचं.

नेगी रिकामा ट्रक घेऊन परत निघाला होता.
पुडी दिली. म्हटलं, खिंड लागली
की खिडकीतून हात बाहेर काढ आणि झटक.
कुठली खिंड?
थंडी आणि उजेड एकत्र असेल ती.
त्याने पुडी देवाच्या फोटोमागे खोचली,
माझ्याकडे असं पाहिलं
जसं लोक माझ्या कानटोपीकडे बघतात.

फोन नाही आला. यायचं ठरलंही नव्हतं.
घरी मोहरी तडतडली की
मी अजून जरासा मागे सरकतो,
कढईपासून नव्हे, कशापासून ते सांगता येत नाही.

पुड्यात पुन्हा लोणचं आहे.
त्याला किंचित मातीची चव लागते.
बायकोला बोललो नाही.