सभासद क्रमांक एकोणचाळीस

घणसोली गावात, तळ्यामागे,
पोटमाळ्यावर माझा ब्लाउज कटिंगचा वर्ग.
भाचीनं वेबसाइट काढून दिली:
गळा फुकट,
मुंढा आणि बाही कुलपात.
महिना एकशे एकोणपन्नास.

मला लाजच वाटली होती.
आईनं अख्ख्या आळीला शिकवलं
वाटीभर साखरही न घेता.
पण पोटमाळ्याचं भाडं साखरेत चालत नाही.

आता बासष्ट सभासद.
नावं पाठ आहेत, चेहरे नाहीत.
पाच तारखेला फोन वाजत राहतो,
मी इस्त्री उभी करून ठेवते.

एकोणचाळीस नंबर, शालन ठोंबरे.
सात महिन्यांत एकही धडा उघडलेला नाही,
पैसे मात्र वेळेवर.
भाची म्हणाली, हाच तर खरा नफा, मावशी,
झोपलेल्याला उठवू नकोस.

मी फोन केला.
‘मशीन विकलं हो,’ ती म्हणाली,
‘पण बंद नका करू.
तेवढंच शिवणकाम उरलंय माझ्याकडं.’

रात्री मोबाइल डब्याला टेकवून
मुंढ्याचा धडा पुन्हा केला.
मशीनवर कापड टाकलं, झाकून.
सुई, दोरा, हात.
टाका दिसावा म्हणून
काळ्या कापडावर पांढरा,
आणि कुठंही घाई नाही.