भाच्यासाठी गाडी

बितोममध्ये, ट्रामच्या शेवटच्या थांब्याला लागून माझं दुकान:
अर्धं बूट शिवणाऱ्या त्सेझारीचं,
अर्धं रिमोटवरच्या गाड्यांचं.
डिंक दोघांत एकच.

नोव्हेंबरातल्या मंगळवारी तो आला,
ट्रामवाल्याचा गणवेश, टोपी काखेत,
छातीवरच्या पट्टीवर नाव: बोगुमिल.
"भाच्यासाठी हवी," म्हणाला. "शर्यतीत उतरायचंय. त्याला."
"वय?"
जरा जास्तच वेळ आठवत राहिला.
"बारा."

नजर वरच्या फळीवर. सगळ्यांची तिथेच जाते.
ती निळी, ब्रशलेस, खोक्यावर ज्वाळा,
ताशी शंभर हे हातभर अक्षरांत
आणि बॅटरी वेगळी घ्यावी लागेल हे मुंगीएवढ्या.
मी शिडी आणलीच नाही.

म्हटलं, वेग शेवटी विचारा, बोगुमिल.
आधी विचारा, पुढच्या चाकाचा दांडा मोडला
तर शुक्रवारी, दुकान बंद व्हायच्या आत, मिळेल का?
कारण तो मोडणार.
ही लाल घ्या. रूपाने सुमार,
साधी ब्रशची मोटर, कुरकुरत का होईना पळते.
तिचे दांडे माझ्याकडे काकडीच्या लोणच्याच्या बरणीत आहेत,
अठरा झ्लॉटी जोडी.
बॅटरी, चार्जर, सगळं आतच. चारशे चाळीस.
बाहेर एकशे वीसलाही मिळते, हो, दिसते याहून देखणी;
पण तिच्या स्टिअरिंगला दोनच गोष्टी कळतात,
पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडे.
तसली माणसं मी पाहिली आहेत. एकाशी तर लग्न केलं होतं.

त्याने गाडी उताणी केली,
पोटाखालचे स्क्रू बोटाने मोजले,
चाक फिरवून कानाशी नेलं.
मग विचारलं, "हिला ब्रेक कसे आहेत?"
भाच्यासाठी एवढं कोण ऐकतं?
मी काही बोलले नाही. पावती त्याच्याच नावाने फाडली.

शनिवारी शाळेचं जिम.
राखाडी गालिचा, त्यावर अग्निशमनवाल्यांच्या
जुन्या नळ्यांनी आखलेली वळणं,
रबराचा आणि सूपचा वास.
भाचा कुठे दिसला नाही.
शेजारी नऊ वर्षांची कोर्नेलिया, पेटीवर उभी,
चिकटपट्टीने शिवलेली तिसऱ्या मालकाची गाडी घेऊन.
शिट्टी झाली,
आणि लाल गाडी सरळ गेली.
सरळ, छान, एका रेषेत, वेग अगदी बेताचा,
नळी ओलांडून थेट भिंतीत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला:
सव्वीस वर्षं गाडी हाकणारा हा माणूस,
याने कधी काही वळवलेलंच नाही.
रूळ वळतील तसा वळत आला.
थांबायचं कधी, हे याच्याइतकं कुणाला कळत नसेल,
पण डावीकडे जायचं ठरवायचं, स्वतः,
आणि तेही वळण यायच्या आधी?

कोर्नेलिया तिकडे न बघताच म्हणाली,
"काका, गाडीकडे बघू नका. जिथे जायचंय तिथे बघा."
तो म्हणाला, "बरं."
सातव्या फेरीला डावा दांडा गेला.
इथला नियम असा की आपली शर्यत संपली
की पुढच्यांच्या उलटलेल्या गाड्या उचलायला कडेला थांबायचं.
गुडघ्यावर हात टेकून तो थांबला.
दर वेळी गाडी सरळ करून ठेवताना
तिचं तोंड आधी नीट रस्त्याकडे लावायचा,
मगच हात काढायचा.

डिसेंबरपर्यंत बरणी निम्म्यावर आली.
काल पुन्हा आला, ड्युटी संपवून, मिशांवर बर्फ.
"उजवे दोन."
डावे नकोत?
"नकोत."
त्सेझारीने तळव्याला खिळा ठोकता ठोकता मान वर केली.
मी दांडे कागदात गुंडाळले, विचारलं,
"मग? भाचा काय म्हणतो?"

"म्हणतो," सुटे पैसे मोजत तो म्हणाला,
"डावीकडे जमायला लागलंय."
मग दाराशी थांबून, टोपी घालत,
वरच्या फळीकडे एकदा बघून,
"ती निळी... नको. असू दे."