अकरा हजार चारशे

काट्यावर अकरा हजार चारशे किलोमीटर,
एकोणीस वर्षांत.
"ही खंयची गाडी," म्हाबळू मेस्त म्हणाला,
"ही फणसाखाली बांधलेली म्हस."

टायरची नक्षी कोरी, पण नख लावलं
तर रबर भाजल्या पापडासारखं.
गालिचा उचलला:
पत्र्याची खाऱ्या हवेनं चाळण केलेली.
शेगडीच्या एका बर्नरवर अजून कंपनीचं स्टिकर.
मी मनातल्या मनात चाळीस हजार कापले.

एव्हारिस्तबाब जहाजावर भटारी होते.
निवृत्तीच्या पैशांतून, टेम्पोच्या सांगाड्यावर
हे घर बांधून घेतलं, हळदोण्यात, दारातच.
वेळांकणी एकदा.
"मग बाकीचे किलोमीटर?"
"म्हापसा," ते म्हणाले.
डायलिसिस, आठवड्याला तीनदा.
लिबेराताला आडवं पडून जाता येई.

जाऊन-येऊन सोळा.
मी भागाकार करत राहिलो,
साडेतीन वर्षांच्या आसपास येऊन थांबलो
आणि चाळीस हजारांचं काही बोललोच नाही.

शशिकला आत, त्याच बिछान्यावर
पाय लांब होतात का ते बघत होती.
"पयलीं खंय व्हरतलीं तिका?"
ते विचारत होते, किल्ली अजून मुठीतच.
"चोर्ला घाट," आतून उत्तर आलं,
"पण आधी हे पडदे धुवायचे."

बॅटरी मेलेली. ढकलून सुरू केली.
तिठ्यावर मी क्षणभर स्टिअरिंग सोडून पाहिलं,
गाडी हळूच म्हापशाच्या बाजूला वळू लागली.

"अलाइनमेंट," म्हाबळू म्हणाला.