शी

डंडीत जानेवारीत साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
न्हाणीघरात टबाच्या काठावर मी,
समोर ओजस, वय वर्षं तीन, महिने दोन,
पायांखाली गणपतीचा चौरंग.
(सुनेत्राला अजून सांगितलेलं नाही.
पण ज्याचं स्वतःचंच पोट एवढं
त्याला हे कळेल, असं मी धरून चाललोय.)

आज सहावा दिवस.
पाच दिवस हा पडद्यामागे जाऊन उभा राहतो,
टाचा उचलून, पाय आवळून,
कान लाल होईपर्यंत,
आणि विचारलं तर म्हणतो, "मी बस बघतोय."
आमच्या गल्लीत बस येत नाही.

नाशिकहून काकूने सांगितलं, हिंग लाव.
बेंबीभोवती लेप लावला,
पोरगं फोडणीचा वास घेऊन नर्सरीत गेलं
आणि तसंच परत आलं.
काळ्या मनुकांचं पाणी कुंडीतल्या झाडाला मिळालं.

मंगळवारी मॉराग आली, आरोग्यसेविका,
ओला कोट न काढताच जमिनीवर बसली,
पाकिटाच्या मागे एक पिशवी काढली, ताणलेली.
म्हणाली, हा हट्ट नाही, भीती आहे.
एकदा दुखलं की पोर दार लावून घेतं.
रोज ही पावडर, पाण्यात पूर्ण विरघळवून.
जेवणानंतर पाच मिनिटं, गुडघे वर, घाई नाही.
रागावू नका.
आणि महिने लागतील, असं जाताना जिन्यावरून.

ती गेल्यावर मी पाकीट फ्रिजला लावलं
आणि मला तो गालिचा आठवला.

आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द.
आतून येते तीही शी,
नाक मुरडून म्हणतो तेही शी.
डिसेंबरात, भाड्याच्या घरातला फिका गालिचा,
अकराला घरमालक यायचा होता,
आणि मी ओरडलो होतो, शी! शी शी शी!
चार वेळा. नंतर मोजले.
त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं,
मग खाली पाहिलं,
आणि काहीतरी ठरवून टाकलं.

आता माझ्या हातात साबणाच्या फुग्यांची बाटली.
फुंकताना पोट आपोआप जोर लावतं म्हणे.
एक फुगा नळावर फुटतो, एक माझ्या चष्म्यावर.
"बाबा, दुखेल?"
"थोडंसं. मी इथेच आहे."
"मग ती कुठे जाते?"
"पायपातून खाली. मग लांब."
"एकटी?"

या प्रश्नाची तयारी कुठल्याच पाकिटावर नव्हती.

"नाही रे. सगळ्यांच्या बरोबर.
आपल्या जिन्यावरच्या सगळ्यांच्या."
"खालच्या मिसेस ऑगिल्वीची पण?"
"तिचीही."
"तिच्या कुत्र्याची?"
"कुत्र्याची पिशवीतून जाते. ती वेगळी वाट."
आणि तो हसायला लागतो, पोट धरून, बदकासारखा,
आणि हसता हसता एकदम थांबतो,
माझी कॉलर दोन्ही मुठींत धरतो,
कपाळ माझ्या छातीवर,
श्वास रोखलेला. त्याचा. माझाही.
फुंक, म्हणतो मी, राजा, फुंक,
आणि फुगा नसताना तो माझ्या शर्टावर फुंकत राहतो,
गरम, ओलं, रडण्याच्या काठावरचं.

आवाज होतो.
छोटा. विहिरीत खडा पडावा तसा.

तो वाकून बघतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो,
अगदी गालिच्यावरून बघितलं होतं तसंच.
"शी," म्हणतो, जरा चाचपून.
"शी," म्हणतो मी,
जसं कुणाला नावाने हाक मारावी.
तो हात हलवतो. टाटा करतो. मग स्वतःच दांडी ओढतो.

चौरंग धुऊन खिडकीत वाळत ठेवला.
उद्या पुन्हा पावडर, पुन्हा फुगे,
उद्या कदाचित पुन्हा बस बघायची असेल.
सुनेत्राला वॉर्डात मेसेज केला: झाली.
सुट्टीत तिचं उत्तर आलं, एकच शब्द:
केवढी?

आणि मी रिकाम्या न्हाणीघरात उभा,
फोन दातांत धरून,
दोन्ही हातांनी अंदाज घेत.